अल्बमला गुण द्यायचे ते बी बाजू ऐकून

अंबाजोगाईच्या एका तरुण मित्राने विचारलंय : "ऐकलेल्या प्रत्येक अल्बमला दहापैकी गुण देऊन मी वही करायलोय. मित्र म्हणतो ‘सैराट’ला दहा, मी म्हणतो ‘कट्यार’ला दहा. रोज वाद होतो. तुम्ही आधी कॅसेटच्या धंद्यात होता, आता साउंडचं काम करता. तुम्ही गुण कसे देता, आणि तुमचे गुण काय आहेत?"

दोघांचेही दहा मला मान्य नाहीत. माझ्याकडे पूर्ण दहा एकाच अल्बमला आहेत, आणि तो या दोन्हींपेक्षा बराच जुना आहे. पण आधी गुण द्यायच्या पद्धतीबद्दल बोलू. तुमचा वाद आवडीनिवडीचा वाटत असला तरी मुळात तो पद्धतीचा आहे. तुम्ही दोघंही एकेका गाण्याला गुण देताय आणि नाव अल्बमचं लिहिताय.

परभणीत माझं दुकान होतं तेव्हा निम्मं काम विक्रीचं होतं, निम्मं दुरुस्तीचं आणि भरून द्यायचं. "टेपनं कॅसेट खाल्ली" म्हणत लोक यायचे. पाच बारीक स्क्रू काढून कॅसेट उघडायची, गुंतलेली फीत सोडवायची, चुरगळलेला तुकडा कापून जोड द्यायचा, पट्टीवरचा स्पंज गळाला असेल तर नवा बसवायचा. हे करता करता फीत डोळ्यांखालून जायची आणि मालकाने ती कशी ऐकली ते तिच्यावर लिहिलेलं असायचं. हिट सिनेमाच्या कॅसेटची फीत बहुतेक एकाच जागी मार खाल्लेली असे. तेच गाणं पुन्हा लावायचं म्हणून रिवाइंड करून अंदाजाने थांबवायचं, पुढे गेलं तर परत मागे घ्यायचं. त्यामुळे त्या गाण्याच्या सुरुवातीला फितीच्या कडा लाटांसारख्या झालेल्या असत. बाकी फीत कोरी करकरीत. बी बाजू, म्हणजे कॅसेट उलटून लावायची दुसरी बाजू, तर कित्येकांनी एकदाच फिरवलेली असायची. याउलट काही मोजक्या कॅसेटी सुरुवातीपासून शेवटापर्यंत सारख्या झिजलेल्या येत. हेडवर तपकिरी भुकटी सोडत, आवाज थोडा दबलेला, पण दोन्ही बाजूंनी सारखाच. गुण कोणाला द्यायचे ते मला त्या फितींनी शिकवलं.

म्हणून माझा पहिला नियम असा, की अल्बम पहिल्या गाण्यापासून ऐकायचा नाही. चौथ्या-पाचव्या गाण्यापासून, म्हणजे जुन्या हिशोबाने बी बाजूपासून सुरू करायचा. कंपन्या दर्शनी गाणं पहिल्या बाजूला ठेवत, आता ते आधी फोनवर सोडतात. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, व्यापारी पोत्याच्या तोंडावरचे दाणे पाहून भाव करत नाही, तो नमुना काढायची परखी खालपर्यंत घालतो. जे गाणं कोणी फर्माईश करून मागत नाही, ज्याची रील कोणी करत नाही, ते किती जीव लावून केलंय ते पाहा. संगीतकाराने सगळ्यात कमी लाडाच्या गाण्यालाही तेवढाच वेळ दिला असेल तर तो अल्बम आहे. नाहीतर ते एक गाणं आणि त्याच्या मागची भरती.

दुसरं म्हणजे कमीत कमी दोन वेगळ्या यंत्रांवर ऐका. मी आता कीर्तन, सभा, लग्नं यांना साउंड देतो, त्यामुळे हा फरक मला रोज दिसतो. भोंग्यातून खालचे स्वर येतच नाहीत. तिथे आवाज आणि शब्द टिकतात, बाकी सगळं गळून पडतं. मोठ्या बेसच्या सेटवर उलटं होतं : ठोका टिकतो, शब्द बुडतात. चांगल्या हेडफोनवर दोन्ही मिळतं, पण हेडफोन कच्चं गाणंही गोड करून दाखवतो. एकाच यंत्रावर ऐकून दिलेले गुण निम्मे त्या यंत्राचे असतात.

तिसरी गोष्ट वेळेची. नव्या अल्बमला लगेच गुण देऊ नका, किमान एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. माझ्या वहीत गुणासमोर तारीख असते आणि पुढे जागा सोडलेली असते.

आता गुणांकडे. पूर्ण दहा आहेत ‘जैत रे जैत’ला.

1977 चा सिनेमा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी केलेला, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, शब्द ना. धों. महानोरांचे. महानोर आपल्याकडचे, अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेडचे. कथा सह्याद्रीतल्या ठाकर आदिवासींची आणि शब्द लिहिणारा मराठवाड्याच्या रानातला शेतकरी. मला तरी कुठे सांधा दिसत नाही, कारण महानोरांनी ठाकरांची बोली वरून चिकटवली नाही. पाऊस, झाड, ढोल, देह हे त्यांना स्वतःच्या शेतात माहीत होतं आणि तेच त्यांनी तिकडे नेलं. ‘नभ उतरू आलं’ ऐकताना चाल आधी आली की शब्द आधी आले, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

या अल्बमची परीक्षा मी बी बाजूने घेतली आहे, अनेकदा. लोकांना तीन गाणी पाठ असतात : लताबाईंचं ‘मी रात टाकली’, आशाबाईंची ‘जांभुळपिकल्या झाडाखाली’ आणि ‘नभ उतरू आलं’. ती बाजूला ठेवा आणि उरलेलं ऐका. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांचे आवाज, समूहाचं गाणं, ढोलाचे तुकडे, दोन ओळींत संपणारी गाणी. एकही तुकडा जागा भरायला टाकलेला नाही. समूह गातो तेव्हा तो खरंच माणसांचा घोळका वाटतो, ओळीत उभं करून गाऊन घेतलेला कोरस वाटत नाही. आणि ठेका आशाबाईंच्या गळ्याला कधी अडवत नाही, त्याने त्यांना श्वास घ्यायच्या जागा बरोबर मोकळ्या सोडल्या आहेत. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या ‘जैत रे जैत’च्या कॅसेटी सगळीकडून सारख्या झिजलेल्या असायच्या, हे वेगळं सांगायला नको.

महानोर 2023 च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्या गाण्यांबद्दल बोलताना ‘दोघी’ राहून जातो, तो राहू नये. 1995 चा सिनेमा, संगीत आनंद मोडकांचं, आणि त्यातल्या ‘भुई भेगाळली खोल’साठी अंजली मराठेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सगळी गाणी चांगल्या ध्वनिमुद्रणात सलग ऐकायला मिळणं अवघड आहे, म्हणून मी अल्बम म्हणून गुण दिलेले नाहीत. पण ज्याने इथला उन्हाळा पाहिलाय त्याने ते गाणं दुपारी ऐकावं. त्यात वाद्यं फार थोडी आहेत. आवाज कोरडा ठेवलाय, त्याला इको लावून ओला केलेला नाही. दुष्काळाचं गाणं असंच रेकॉर्ड व्हायला हवं होतं.

साडेनऊ ‘अभंग तुकयाचे’ला. श्रीनिवास खळे आणि लताबाई. ‘भेटीलागी जीवा’, ‘सुंदर ते ध्यान’, ‘कन्या सासुऱ्यासी जाये’ ही सगळ्यांना माहीत. माझा मुद्दा ‘कमोदिनी काय जाणे’ पासून सुरू होतो. ते गाणं कोणी फर्माईशीत मागत नाही आणि खळेकाकांनी तिथेही एक स्वर सैल सोडलेला नाही. त्यांच्या चाली ऐकायला सरळ वाटतात, गायला बसलं की कळतं. आमच्या भागातल्या भजनी मंडळांनी या चाली उचलायचा प्रयत्न केला आणि बहुतेकांनी मधल्या कठीण जागा सपाट करून टाकल्या. अर्धा गुण मी याचसाठी ठेवलाय : हा अल्बम ऐकायचा आहे, टाळ घेऊन सोबत म्हणायचा नाही. गंगाखेडची जनाबाई, नर्सीचे नामदेव, तेरचे गोरोबा, पैठणचे एकनाथ ज्या मातीत गायले तिथे माणूस अभंग ऐकता ऐकता तोंड उघडतोच. ज्याला हा निकष लागू वाटत नाही त्याने खुशाल दहा द्यावेत.

तोंड उघडू देणारा अल्बम म्हणजे ‘ओंकार स्वरूपा’. श्रीधर फडक्यांचं संगीत, सुरेश वाडकरांचा आवाज. ‘ओंकार स्वरूपा’ आणि ‘गुरु परमात्मा परेशु’ ही दोन्ही एकनाथांची पदं. आमच्याकडे ही कॅसेट सकाळच्या चहासारखी रोज लागायची, दुकानात, दवाखान्यात, एसटीच्या कँटीनमध्ये. वाडकरांनी शब्द इतके स्वच्छ ठेवलेत की भोंग्यावरही एक अक्षर जात नाही. माझे साडेआठ. दीड गुण गेला तो वाद्यमेळात. त्या काळच्या कीबोर्डचा गुळगुळीतपणा काही ठिकाणी आजच्या कानाला खटकतो, आणि तिथे साधी पेटी असती तर गाणं आणखी वर गेलं असतं असं मला वाटतं.

आता तुमच्या वादातला पहिला अल्बम. ‘सैराट’ला माझे साडेआठ.

मित्राला सांगा, हे गुण कमी नाहीत. चारच गाणी आहेत आणि चारही पूर्ण आहेत, भरतीचं एकही नाही. हे फार थोड्या नव्या सिनेमांना जमलंय. 2016 च्या या सिनेमाच्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत तिथला वाद्यवृंद घेऊन रेकॉर्डिंग केलं, आणि ते नुसतं मिरवण्यापुरतं नव्हतं. ‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनचे थर आवाजाच्या मागे कसे भरत जातात ते हेडफोनवर ऐका. आता तेच गाणं गावच्या वरातीतल्या सेटवर आठवा : ते थर गायब आणि ठोकाच उरलेला. ‘झिंगाट’ला याचा काही तोटा होत नाही, ते गाणं ठोक्यावरच उभं आहे. म्हणून गावोगाव ‘झिंगाट’ वाजलं आणि ‘आताच बया का बावरलं’ मागे राहिलं. माझ्या हिशोबाने या अल्बमचं सगळ्यात चांगलं गाणं तेच. श्रेया घोषालने त्यातलं पोरकट हसू गळ्यातून सांडू दिलंय, पण सूर कुठे ढळू दिलेला नाही.

दीड गुण का कापला? चारही गाणी शेवटी एकाच उंचीवर चढायला बघतात. वाद्यवृंद फुगतो, कोरस येतो, आवाज टिपेला जातो. एकेकटं ऐकताना अंगावर काटा येतो, सलग ऐकताना चौथ्या वेळी तो येत नाही. अल्बममध्ये एक तरी गाणं खाली बसलेलं हवं होतं.

त्याच जोडीचा ‘नटरंग’ मी ‘सैराट’च्या वर ठेवतो, नऊ गुणांवर. तिथे उंच आणि बसकं दोन्ही आहे. गुरू ठाकूरांच्या शब्दांत लावणी आहे, गवळण आहे, आणि ‘खेळ मांडला’सारखं आतून पिळवटणारं गाणं आहे. बेला शेंडेने ‘वाजले की बारा’ आणि ‘अप्सरा आली’ ही दोन्ही गाणी गायली, आणि दोन्हीकडे तिचा आवाज वेगळ्या बाईचा वाटतो. नवीन सेट लावला की मी ‘वाजले की बारा’ने तपासतो. ढोलकीची थाप आणि शाईवरचा बोल एकमेकांत न मिसळता ऐकू आले म्हणजे सेट बरोबर लागलाय. जुन्या तमाशाच्या फडात जी ढोलकी ऐकली ती अशी स्वच्छ कधीच नव्हती, तरी ही मला खोटी वाटत नाही, कारण वाजवणाऱ्याचा हात फडाचाच आहे.

‘जोगवा’ला साडेआठ. संगीतासाठी अजय-अतुल, ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल, असे राष्ट्रीय पुरस्कार त्याच्या वाट्याला आले. ‘लल्लाटी भंडार’ मात्र तुळजापूरच्या वाटेवर ऐकल्याशिवाय त्याचे गुण ठरवू नका.

आता तुमचा ‘कट्यार काळजात घुसली’. इथे तुम्हाला वाईट वाटेल. सिनेमाच्या अल्बमला माझे साडेसात, आणि वसंतराव देशपांड्यांच्या आवाजातल्या मूळ नाट्यगीतांना नऊ.

2015 च्या अल्बममध्ये गायक कमी पडले असं नाही. राहुल देशपांडे, शंकर महादेवन, महेश काळे तिघंही तयारीचे. ‘अरुणी किरणी’साठी काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो रास्तच होता. ‘सूर निरागस हो’ पुढच्या पन्नास वर्षांच्या गणपतींना पुरेल. अडचण अशी की या अल्बमात दोन वेगळे काळ शेजारी ठेवलेत. मूळ नाटकासाठी अभिषेकीबुवांनी केलेल्या 1967 च्या चालींमध्ये गायकाला स्वतःहून काही करायला जागा असते. नव्या गाण्यांत सगळं आधीच ठरवून, मोजून बसवलेलं आहे. ‘घेई छंद मकरंद’ संपून ‘यार इलाही’ सुरू झालं की मला खोलीतला दिवा बदलल्यासारखं वाटतं. कव्वालीच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे, हे खरं. परभणीत तुराबुल हक यांच्या उरुसात कव्वाल्या ऐकत आम्ही वाढलो. तिथे मागचा दुसरा आवाज मुख्य गायकाच्या ओळीवर झडप घालतो, टाळी मधेच पुढे धावते, आणि तीच गंमत असते. अरिजीत सिंगने गायलेली कव्वाली सुरेख आहे, पण तिच्यात कोणी कोणावर झडप घालत नाही.

वसंतरावांचं ऐकताना रेकॉर्डिंगचा दर्जा विसरा. एका तानेत ते दोनदा दिशा बदलतात, आणि दुसऱ्यांदा बदलतील हे तुम्हाला शंभराव्यांदा ऐकतानाही कळत नाही. तुमच्या वहीत ‘कट्यार’ला दहा द्यायचेच असतील तर याला द्या.

कव्वालीवरून उर्दू शायरीचा विषय निघाला म्हणून ‘बाजार’ हा हिंदी सिनेमा. 1982, खय्याम यांचं संगीत. नऊ गुण. मीर, मखदूम मोहिउद्दीन असे शायर या एका कॅसेटवर आहेत, आणि त्यांच्या पंक्तीला आपल्या औरंगाबादचे बशर नवाज. ‘करोगे याद तो’ हे भूपिंदर सिंगच्या आवाजातलं गाणं त्यांचं. किती गिऱ्हाइकं ते भरून न्यायची आणि कवी इथलाच आहे हे त्यांना माहीत नसायचं. मी कॅसेटच्या आतल्या कागदावर पेनाने नाव लिहून द्यायचो. या अल्बमला बी बाजूच नाही असं म्हटलं तरी चालेल. जगजीत कौरची ‘देख लो आज हमको’ ऐकून कोणत्या गाण्याला कमी म्हणाल?

‘गारवा’चे गुण देताना माझं आणि माझ्या मुलीचं जमत नाही. ती नऊ देते, मी साडेसात. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेचा आवाज आणि चाली, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेला हा अल्बम मराठी पोरांच्या एका अख्ख्या पिढीने उशाला ठेवला. गाण्याआधी कविता वाचायची कल्पना तेव्हा ताजी होती, आणि ‘गारवा’ हे गाणं आजही पहिल्या पावसाला लावावंसं वाटतं. पण त्यातला पाऊस सवड असणाऱ्या माणसाचा पाऊस आहे. आमच्याकडे मृग कोरडा गेला की दुकानात या कॅसेटला हात लावायला लोक कचरायचे, आणि पाऊस पडला की त्याच आठवड्यात ती संपायची. अडीच गुण मी त्यासाठी कापलेले नाहीत. कापलेत ते वाचनासाठी : गाणं शंभरदा ऐकता येतं, तेच निवेदन शंभरदा ऐकवत नाही.

‘आयुष्यावर बोलू काही’ला सात, शब्दांसाठी. ‘ऐका दाजिबा’ला साडेपाच. वैशाली सामंतचा आवाज उत्तम, एक गाणं भन्नाट, आणि माझा पहिला नियम लावला की उरलेल्या कॅसेटबद्दल फार बोलण्यासारखं राहत नाही. ‘विश्वविनायक’ला आठ. अजय-अतुल पुढे काय करणार ते 2001 मध्येच त्यात ऐकू येतं.

तुम्ही पाठवलेल्या यादीत एक मोठं भगदाड आहे, त्याबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही. प्रल्हाद शिंदे नाहीत. आनंद शिंदे नाहीत. भीमगीतांची एकही कॅसेट नाही. माझ्या दुकानाचा हिशोब उघडला तर 14 एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस, 6 डिसेंबर, आणि 1994 मध्ये मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाल्यापासून 14 जानेवारी, हे आमचे सणासुदीचे दिवस होते. मराठवाड्यात लोकप्रिय संगीताची वही करायची आणि हे सोडायचं, याला माझा सरळ विरोध आहे. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या गळ्यांनी गावागावांत नेली त्यांना गुण द्यायला आपण बसलोय तर नीट कान देऊन बसू.

प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतांच्या संग्रहाला माझे नऊ. त्यांचा आवाज भोंग्यासाठीच घडला होता असं मी साउंडवाला म्हणून सांगतो. वरच्या पट्टीत इतका टोकदार, तरी कानाला न टोचणारा आवाज दुसरा ऐकला नाही. ‘चल गं सखे पंढरीला’ अर्ध्या कोसावरून शब्दासकट कळायचं. आनंद शिंद्यांच्या पोपटवाल्या कॅसेटला लोक नाक मुरडतात. मी तिला सात देतो, आणि त्यातले निम्मे ठेक्यावरच्या पकडीचे आहेत. पुढे ‘कोंबडी पळाली’साठी तोच आवाज हवासा वाटला तो काही उगाच नाही.

आणि कडुबाई खरात. औरंगाबादच्या, हातात एकतारी, मागे वाद्यवृंद नाही. त्या लोकांपर्यंत फोनवरून पोचल्या, कॅसेट-सीडीच्या वाटेने नाही. ‘भीमानं सोन्यानं भरली ओटी’ म्हणताना त्यांच्या आवाजात जी खरखर आहे ती कुठलाही स्टुडिओ काढून टाकेल, आणि काढली की गाणं संपेल. त्यांच्यासाठी माझ्या वहीत वेगळा रकाना आहे, प्रत्यक्ष ऐकलेल्या कार्यक्रमांचा. तुम्हीही तसा करा. तिथे अल्बमचं नाव लिहायचं नाही, गाव, तारीख आणि त्या रात्री सेट कोणता होता ते लिहायचं.

राहिला मित्राचा प्रश्न. येत्या रविवारी दोघं बसा, फोनवरचं शफल बंद करा आणि ‘जैत रे जैत’ शेवटच्या गाण्यापासून उलट लावा. मधे बोलायचं नाही. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदावर गुण लिहा, आणि त्यानंतरच ‘सैराट’ आणि ‘कट्यार’चे गुण पुन्हा काढा. आकडे काय आले ते मला कळवा.